शंभरपैकी अकरा

विमानातून उतरून आलेल्या माणसाला साधारणपणे विचारतात, प्रवास कसा झाला, सामान सगळं मिळालं का, एवढा कोट पुरेल का. गजभिये काकांनी मला विचारलं, "सहाव्या हेन्रीच्या कारभाराबद्दल तुमचं काय मत आहे, बाई?"

मी साताऱ्याच्या पोलीस लाइनीत वाढले. एका भिंतीपलीकडे नवरा-बायकोची मारामारी आणि दुसऱ्या भिंतीपलीकडे तिचा पंचनामा, अशा आवाजात मी दहावीचा अभ्यास केलेला आहे. आपल्याला कशाचाच धक्का बसत नाही असा माझा समज होता, आणि तो मी माहेरहून लोणच्याच्या बरणीबरोबर जपून आणला होता. डेट्रॉइटच्या विमानतळावर पहिल्या पाच मिनिटांत तो फुटला. बरणी शाबूत राहिली.

माझा नवरा शिरीष सहा महिने आधी इथे नोकरीवर रुजू झाला होता. त्याची जुनी गाडी ऐनवेळी बंद पडली, म्हणून काका आपली भलीमोठी व्हॅन घेऊन आम्हाला न्यायला आले होते. मला वाटलं, हेन्री म्हणजे शिरीषच्या कंपनीतला कुणी बडा साहेब असणार. नवऱ्याची नोकरी नवी, उगाच वेडंवाकडं तोंडातून जायला नको. मी म्हटलं, माणूस चांगला असेल, मी अजून भेटले नाही.

काकांचा चेहरा उजळला. "माणूस चांगलाच होता. तिथंच तर सगळी गोची आहे," ते म्हणाले, आणि विमानतळापासून आमच्या ट्रॉय गावापर्यंतचा पाऊण तास ते हेन्रीबद्दल बोलत राहिले. त्यानं कधी कुणाला नाही म्हटलं नाही, बापानं मिळवलेलं सगळं कसं घालवलं, बायकोच्या आणि सल्लागारांच्या भांडणात त्याची कशी फरफट झाली. मी मान डोलावत होते. चार वर्षांची मुलगी माझ्या मांडीवर झोपली होती. अगदी शेवटच्या सिग्नलला मला कळलं की हेन्री इंग्लंडचा राजा होता आणि त्याला जाऊन पाचशे वर्षं उलटली आहेत. मी हबकून शिरीषकडे पाहिलं. तो खिडकीबाहेर बघत होता. सहा महिन्यांपूर्वी तोही याच व्हॅनमधून आला होता.

प्रल्हाद गजभिये मूळचे नागपूरचे. धातुशास्त्रातले इंजिनियर. सत्तरच्या दशकात मिशिगनला आले आणि गाड्यांचे सुटे भाग तपासायच्या प्रयोगशाळेत लागले. लोखंडाचा एखादा तुकडा घ्यायचा, त्याच्यावर भार वाढवत न्यायचा आणि तो किती भाराला मोडतो ते लिहून ठेवायचं, हे त्यांचं काम. वीस वर्षं त्यांनी हे मन लावून केलं. घरी आल्यावर तेच काम ते हेन्रीवर करायचे.

पहिल्या हिवाळ्यात शांताकाकू अजून नागपूरलाच होत्या. काका एका खोलीत एकटे आणि बाहेर चार दिवस बर्फ. घरात वाचायला म्हणून एकच पुस्तक होतं, लायब्ररीनं रद्दीत काढलेलं इंग्लंडच्या इतिहासाचं, आणि त्याचीही सुरुवातीची व शेवटची पानं गळालेली. मधली राहिली ती सहाव्या हेन्रीची. काकांनी ती चार दिवसांत सात वेळा वाचली. पुस्तकात दुसरा कुणी राजा उरला असता तर ट्रॉयमधल्या मराठी माणसांचं आयुष्य वेगळं झालं असतं.

त्यांच्या हॉलमध्ये बुद्धाची एक सुबक पितळी मूर्ती आणि तिच्या मागं भिंतभर पुस्तकं, सगळी त्या एका राजाची आणि त्याच्या भाऊबंदांची. काकांनी हेन्रीला पाच विषयांत प्रत्येकी वीसपैकी मार्क दिले होते. न्यायाला तीन, लढाईला शून्य, माणसांची पारख दोन. सल्ला ऐकण्यात सहा, कारण तो सगळ्यांचाच ऐकायचा. नकार देण्यात शून्य. शंभरपैकी अकरा. कुणी म्हटलंच की अहो, तो देवभोळा होता, शेतकऱ्यासारखे साधे जोडे घालायचा, शत्रूलाही माफ करायचा, तर काका हात वर करून थांबवत. दयाबुद्धी हा ऑप्शनल विषय आहे, ते म्हणत, त्याचे मार्क टोटलमध्ये धरत नाहीत.

कुठलाही समारंभ यातून सुटला नाही. एका बाळाच्या उष्टावणाला आम्ही सगळे जमलो होतो. काका त्या बाळाजवळ गेले, त्याच्या गालाला बोट लावलं आणि त्याच्या आईला म्हणाले, या वयात हेन्रीच्या डोक्यावर राज्य आलं होतं, तिथूनच बिचाऱ्याचं बिघडलं. बाळाच्या आईनं खिरीचा चमचा तसाच हवेत धरला. माझी मुलगी शाळेत जाऊन इंग्रजी बोलायला लागल्यावर एकदा मला म्हणाली, "आई, व्हाय डझन्ट हेन्री एव्हर कम टू द पार्टीज?" तिला इतके दिवस तो काकांचा आजारी मित्र वाटत होता. मी हसले, पण नंतर वाटलं की पोरगी फार चुकली नव्हती.

शांताकाकू होत्या तोवर या सगळ्याला वेसण होती. काका हेन्रीवर आले की काकू स्वयंपाकघरातूनच "झालं का तुमचं?" एवढंच विचारायच्या आणि काका वाक्य अर्ध्यावर सोडून ताटं घ्यायला उठायचे. काकू गेल्या त्या हिवाळ्यात आम्ही पाळीपाळीनं डबे पोचवले. मुलगा कॅलिफोर्नियात नोकरीला होता. तो आला, पंधरा दिवस राहिला, परत गेला. मग आमचे डबेही थांबले. कुणी ठरवून थांबवले नाहीत. प्रत्येकाला वाटलं, दुसरा कुणी देत असेल.

दोन वर्षांनी इथल्या मराठी मंडळाची निवडणूक आली. निवडणूक हा फार मोठा शब्द झाला. लायब्ररीच्या तळघरातल्या खोलीत साठ माणसं बसली होती आणि अध्यक्ष कोण होणार असं विचारल्यावर साठही माणसं छताकडे बघत होती. तेवढ्यात काका म्हणाले, "होऊन जाईल." आम्ही टाळ्या वाजवल्या. मला तर ही निवड फारच शहाणपणाची वाटली. वाईट कारभार कसा असतो याचा ज्यानं वीस वर्षं अभ्यास केला, त्याच्या हातून तो कसा होईल? मी टाळ्या वाजवून जरा बाथरूमला गेले. परत आले तेव्हा मी चिटणीस झाले होते.

पुढच्या सात-आठ महिन्यांत जे घडलं ते सांगताना अजून माझा आवाज चढतो. हेन्रीची एकूण एक चूक काकांनी केली. एकही सोडली नाही. जो कुणी जे मागेल त्याला "होऊन जाईल." तीन मुलांच्या आयांना नाटकात शिवाजीची भूमिका कबूल केली. मंडळाचा एकुलता एक ढोल एकाच दिवशी दोन गावांना दिला. भजनी मंडळाला आणि मुलांच्या डान्सला संध्याकाळी पाचची एकच वेळ दिली. स्टेजवर एका बाजूला टाळ आणि दुसऱ्या बाजूला टेपरेकॉर्डर, आणि काका पहिल्या रांगेत बसून दोन्हीकडे आळीपाळीनं मान हलवताहेत, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. मी एकदा चिडून विचारलं की काका, तुम्हाला दिसत नाही का काय चाललंय? ते शांतपणे म्हणाले, दिसते नं, सेम टू सेम हेन्री. त्यांना हे दिसत होतं, याचाच मला सगळ्यात मोठा धक्का बसला.

मग दिवाळीचा कार्यक्रम आला.

इथे अडीचशे माणसांचा स्वयंपाक आपला आपणच करायचा असतो. शाळेचं कॅफेटेरिया भाड्यानं घ्यायचं, कुणाकडे भात, कुणाकडे भाजी, कुणाकडे गोड असं वाटून द्यायचं आणि सगळ्यांनी अॅल्युमिनियमचे ट्रे घेऊन चारला हजर व्हायचं. तळणाचं काम सगळ्यात मानाचं, कारण ते सगळ्यात अवघड. घरात तळलं तर तेलाचा वास महिनाभर पडद्यांतून जात नाही. म्हणून नोव्हेंबरच्या थंडीत, गराज अर्धं उघडं ठेवून, गॅसच्या शेगडीवर मोठी कढई चढवायची आणि कोट, मफलर, कानटोपी घालून तळत बसायचं. त्या वर्षीच्या बटाटेवड्यांचं काम लेले वहिनींनी मागितलं. काका म्हणाले, होऊन जाईल. दुसऱ्या दिवशी परब मावशींनी मागितलं.

लेले वहिनी पुण्याच्या, परब मावशी दादरच्या. लेले वहिनींच्या मते वड्यात लसूण घालणं हा गुन्हा आहे आणि परब मावशींच्या मते न घालणं. एरवीही दोघी एकमेकींना लांबूनच नमस्कार करायच्या. कार्यक्रमाच्या दिवशी पावणेचारला लेले वहिनी चारशे वडे घेऊन कॅफेटेरियात आल्या. मी त्यांना टेबल दाखवत होते, तेवढ्यात दुसऱ्या दारातून परब मावशी आल्या. त्यांचेही चारशे. दोघींच्या अंगाला तेलाचा वास, दोघींची नाकं थंडीनं लाल. कॅफेटेरियात असा काही सन्नाटा पसरला की कोपऱ्यातल्या मशीनमधून बर्फ पडल्याचा आवाज सगळ्यांना ऐकू आला.

मग भात कुणाकडे आहे, हे कुणीतरी विचारलं. भात कुणाकडेच नव्हता. भात कुणी मागितला नव्हता, त्यामुळे काकांनी तो कुणाला दिलाच नव्हता.

अडीचशे माणसांनी दिवाळीला फक्त बटाटेवडे खाल्ले. दोन टेबलं, दोन रांगा. एका टेबलावर हिरवी चटणी, दुसऱ्यावर लसणाची लाल. कोण कुठल्या रांगेत उभं राहतं इकडे दोघींची बारीक नजर. शिरीष घाबरून दोन्हीकडे जाऊन आला आणि दोघींच्या मनातून उतरला. मी काकांना शोधत गेले. ते दाराशी उभे राहून बघत होते. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. "हेन्रीनं दोन हाडवैरी सरदारांना एकाच परगण्याचं कारभारीपण दिलं होतं," ते हळूच म्हणाले. "आणि पुढं लाल गुलाबवाले अन् पांढरे गुलाबवाले भाऊबंद तीस वर्षं लढले." मी त्यांना म्हटलं, काका, तुम्ही आधी भाताचं बघा.

त्यानंतर मंडळ उभं फाटलं. संक्रांतीच्या हळदीकुंकवाची दोन वेगवेगळी आमंत्रणं निघाली. शेवटी श्रीयुत लेल्यांनी जानेवारीच्या सर्वसाधारण सभेत अध्यक्षांवर अविश्वासाचा ठराव आणायचं ठरवलं. नियमाप्रमाणे ठरावाची लेखी प्रत सात दिवस आधी चिटणिसानं अध्यक्षांच्या हातात द्यायची असते. चिटणीस मी.

मी गेले तेव्हा दुपार होती. काकांनी दार उघडलं, कागद घेतला, चष्मा लावला आणि स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून वाचायला लागले. मी समोर बसून नखं खात होते. वाचता वाचता त्यांनी खिशातून पेन काढलं. मला वाटलं सही करताहेत. त्यांनी एका आरोपात ढोलाची तारीख सुधारली. मग खाली आणखी दोन आरोप लिहिले, जे लेल्यांच्या लक्षात आले नव्हते. "अपुरं होतं," ते म्हणाले. "आता कम्प्लीट झालं." 

तेवढ्यात भिंतीवरचा फोन वाजला. काका असे चपळाईनं उठले की खुर्ची मागं सरकली. पलीकडे कुणी बाई होत्या. त्यांच्या मुलाला गुढीपाडव्याच्या कार्यक्रमात तबला वाजवायचा होता. आठवड्यावर पदावरून जायची पाळी आलेली, हातात स्वतःच्याच आरोपपत्राची प्रत, आणि हा माणूस म्हणतो, हो हो, होऊन जाईल, तो जेवतो काय नीट, अन् तुमची सर्दी कशी आहे आता? चांगली दहा मिनिटं बोलले. लांबलचक वायर बोटाला गुंडाळत, सोडत, हसत. मी त्यांना असं हसताना काकू गेल्यापासून पाहिलं नव्हतं.

त्यांनी फोन ठेवल्यावर माझा तोल गेला. मी म्हटलं, "काका, एकदा नाही म्हणायला तुमचं काय जातं हो?"

त्यांनी कागदाची घडी घातली, ती पुन्हा उलगडली.

"शांता गेली त्याच्यानंतर हा फोन एकदा सतरा दिवस वाजला नाही, बाई," ते म्हणाले. "पोराचा येतो, पण पहिल्या रविवारी. मधात काही नाही. मी कंपनीलेही सांगून पाहिलं, लाइन खराब आहे काय म्हणून. लाइन चांगली होती. मग मी अध्यक्ष झालो, अन् दिवसाला सहा-सहा वेळा वाजायले लागला. ज्याले आपण हो म्हणतो नं, तो पुन्हा फोन करते. झालं काय, कधी होणार, विसरले तर नाही. ज्याले नाही म्हटलं, तो पुन्हा करत नाही."

 पोलीस लाइनीत मी पुष्कळ रडणं ऐकलेलं आहे, पण हा माणूस रडत नव्हता. प्रयोगशाळेतली नोंद वाचून दाखवावी तसं सांगत होता.

"हेन्री दीड वर्ष मुका झाला होता," ते पुढं म्हणाले. "डोकं चालेना त्याचं. स्वतःचा पोरगा समोर धरला तरी ओळखला नाही. दरबारचे लोक येऊन त्याले विचारायचे, महाराज, काही बोला, काही हुकूम द्या. तो काहीच बोलत नव्हता. पण येत तर होते नं ते. जेवणाआधी विचारलं, जेवणानंतर पुन्हा विचारलं." त्यांनी कागद माझ्याकडे सरकवला. "हे कुणाले सांगू नका. सभेत वाचा बिनधास्त."

मी कुणाला सांगितलं नाही. याची मला आजही लाज वाटते. सभेत मी ठराव वाचला, काकांनी वाढवलेल्या आरोपांसकट, खणखणीत आवाजात. लेल्यांनी तो मांडला होता. आता अनुमोदन कोण देणार, म्हणून मी खोलीत नजर फिरवली. कुणीच हात वर करेना. प्रत्येकाला काकांनी कधी ना कधी विमानतळावरून आणलं होतं. परब मावशी पदराशी चाळा करत होत्या. लेले वहिनी पर्समध्ये काहीतरी शोधत होत्या. अनुमोदन मिळालं नसतं तर ठराव पडला असता आणि काका राहिले असते. मी मनातल्या मनात म्हणत होते, कुणी हलू नका. तेवढ्यात पहिल्या रांगेतून आवाज आला.

"अनुमोदन माझं."

काका उभे होते.  ते म्हणाले की मी माझे स्वतःचे मार्क काढून आणले आहेत, शंभरपैकी तेरा. हेन्रीपेक्षा दोन जास्त, कारण आपण हॉल वेळेवर बुक केला होता. पण पास व्हायला पस्तीस लागतात. "माणूस चांगला आहे म्हणून तुम्ही चूप बसले आहा, हे मले समजते. पण मी वीस वर्षं त्या राजाले या कारणासाठी सोडलं नाही, तर मले कसा सोडू?" एवढं बोलून ते खाली बसले आणि मतदानात पहिला हात त्यांचाच वर गेला. मग बाकीचे गेले, हळूहळू, एकमेकांकडे बघत. माझाही गेला. चिटणिसानं तटस्थ राहिलं तरी चालतं, हे मला नंतर कळलं.

लेले अध्यक्ष झाले. कारभार घड्याळासारखा सुरू झाला. कामांची छापील यादी घरोघरी पोचली, बटाटेवड्यांपुढे एकच नाव, भातापुढे दोन. कुठल्याही कामासाठी लेल्यांच्या फोनच्या आन्सरिंग मशीनवर निरोप ठेवायचा, असा नियम झाला. सगळे म्हणाले, आता कसं सुटसुटीत झालं. मलाही तसंच वाटलं, आणि त्या सुटसुटीतपणात माझे दहा दिवस कसे गेले कळलं नाही.

अकराव्या दिवशी सकाळी मी काकांना फोन लावला. एंगेज. दुपारी लावला, एंगेज. संध्याकाळी पुन्हा तेच. मला इतका आनंद झाला म्हणून सांगू. म्हटलं, लोक अगदीच दगड नाहीत, बिचाऱ्याशी बोलताहेत. दुसऱ्या दिवशीही एंगेज. मी शिरीषला म्हटलं, बघ, उगाच मी जिवाला लावून घेत होते. आणि निश्चिंत झाले.

शनिवारी भारतीय किराण्याच्या दुकानात परब मावशी भेटल्या. कोथिंबीर निवडता निवडता म्हणाल्या, "अगं, गजभिये काकांचा फोन सारखा एंगेज का लागतो? मी चार वेळा लावला. म्हटलं, काकूंच्या माघारी जेवतात काय, विचारावं तरी." त्यांना लेले वहिनी देवळात भेटल्या होत्या आणि त्यांनाही तोच अनुभव होता. दोघी एकमेकींशी बोलल्या, याचं नवल करायचंही मला सुचलं नाही. मावशी म्हणाल्या, आता घरी गेल्यावर चारला पुन्हा लावते.

मी हो म्हणून बिस्किटांच्या रांगेपर्यंत गेले आणि तिथेच माझे पाय थांबले. मला एंगेज, यांना एंगेज, लेले वहिनींना एंगेज. मग काका बोलताहेत कुणाशी?

मी टोपली तिथेच ठेवली आणि गाडी काढली. रस्त्यावर बर्फाचा चिखल झाला होता. बारा मिनिटांच्या रस्त्यात माझ्या मनात जे जे आलं ते लिहीत नाही. काकांच्या अंगणातला बर्फ कुणी काढलेला नव्हता, त्यावर एकही पाऊल उमटलेलं नव्हतं. मी बेल दाबली, मग दार हातानं बडवलं.

दार उघडलं. काका स्वेटर घालून धडधाकट उभे होते. "काय झालं बाई? घरी सगळे बरे आहेत नं?" त्यांनी विचारलं. मला हसावं की ओरडावं कळेना. मी बुटांसकट तशीच स्वयंपाकघरात गेले. फोनचा रिसीव्हर भिंतीवर नव्हता. तो टेबलावर, घडी घातलेल्या नॅपकिनवर, व्यवस्थित आडवा ठेवलेला होता.

"मीच काढून ठेवतो," काका मागून म्हणाले. "पहिले पाच मिनिटं ओरडते, मग चूप होते. पहिल्या रविवारी जागेवर ठेवतो, पोरासाठी."

"पण का, काका?"

"जागेवर असला अन् वाजला नाही, तर त्याचं कारण एकच राहते नं, बाई. काढून ठेवला, तर मग वाजत नाही त्याले कारण आहे."

 मी त्यांना सांगितलं, की परब मावशींनी चार वेळा लावला. लेले वहिनींनी लावला. मी दोन दिवस लावत होते. तुमचा फोन वाजला असता, काका, तुम्हीच वाजू दिला नाहीत. ते ऐकत होते आणि त्यांच्या कपाळावरच्या आठ्या वाढत होत्या.

"काहून पण? काय पाहिजे होतं त्याइले?"

"काही नको होतं."

"असं कसं? मी अध्यक्ष नाही आता."

"माहीत आहे त्यांना. तुम्ही जेवता का, एवढंच विचारायचं होतं."

इतकी वर्षं या माणसानं मला धक्के दिले. त्याला धक्का बसलेला मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला. ते टेबलाची कड धरून खाली बसले. मग त्यांनी रिसीव्हर उचलला, स्वेटरच्या बाहीनं पुसला, आणि उठून दोन्ही हातांनी भिंतीवरच्या जागेवर ठेवला. मी कोट काढला आणि चहाचं आधण ठेवलं.  साखर किती, एवढंसुद्धा मी विचारलं नाही.

चारला दोन-तीन मिनिटं असतील, फोन वाजला.

काका उठले नाहीत. दुसऱ्यांदा वाजला, तिसऱ्यांदा वाजला. ते माझ्याकडे बघत होते. "तुम्ही उचला, काका," मी म्हटलं.

"काही पाहिजे नसलं समोरच्याले," त्यांनी अगदी हळू विचारलं, "तर काय बोलायचं असते?"

 मी रिसीव्हर उचलला आणि त्यांच्या कानाशी धरला.